नांगरलेली होडी

"हे काय?" मी फोनवरच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं.

"पाणी," उत्कर्षा म्हणाली.

"आणि हे?"

"तेही पाणीच, आई."

"म्हणजे दोन बॅटऱ्या खाऊन तुझ्या त्या भिंगरीनं पाणी आणलं. तेवढं तर मी हंड्यानं आणून दिलं असतं."

मथुरीनं पदर तोंडाला लावला. मथुरी माझी शेजारीण, चाळीस वर्षं माझ्या होडीला वल्हं मारणारी. हसायचं असलं की आमच्या ओटीवर येते, रडायचं असलं की स्वतःच्या घरी बसते.

उत्कर्षा माझी सून. कराडकडची. तिकडे पाणी म्हणजे नदी, एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूनं जातं. आमच्या पालवबंदरच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीही नीट ध्यानात आलं नव्हतं. माझा मुलगा जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. ही घरात बसून राहणारी नव्हती, तेवढं मला आवडलं होतं. तिला सांगितलं मात्र नव्हतं. कोळीवाड्यातल्या हळदी ती ड्रोननं शूट करायची. नवरीच्या डोक्यावर भिणभिणत राहणारी ती चार पंखांची भिंगरी हीच तिची रोजीरोटी.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी जेटी व्हायची होती. जेटीसाठी खाडी खोल करायची, निघालेला गाळ कुठं तरी टाकायचा. कंपनीनं जागा ठरवली आमचं थोरलं खाजण, ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. त्यांचा अहवाल ग्रामपंचायतीत लागला तेव्हा मी उत्कर्षाकडून एक ओळ तीनदा वाचून घेतली. "सदर क्षेत्र खोल दलदलीचे असून तेथे मनुष्यवावर शक्य नाही."

"मनुष्यवावर म्हणजे?"

"माणसांची ये-जा."

"मग आम्ही कोण? बगळे?"

चाळीस बाया त्या खाजणावर चिखल उकरून शिवल्या, खायच्या शिंपल्या, काढतात. माझ्या सासूनं काढल्या, तिच्या सासूनं काढल्या. कंपनीची माणसं भरतीला लाँचमधून आली, एक लाल फडक्याची काठी चिखलात रोवली, तिला सात नंबर दिला आणि चहाला गेली. त्यांना माणूस कुठून दिसणार? भरतीला खाजणावर माणूस दिसला तर तो मेलेला असतो.

त्या अहवालावरची सुनावणी पुढच्या शुक्रवारी होती. मी ओरडायला जाणारच होते, पण उत्कर्षा म्हणाली, "आई, ओरडलेलं कागदावर येत नाही. फोटो येतो."

तिची कल्पना अशी. फोनवर खाडीचा नकाशा घ्यायचा. त्यावर टिंबं टाकायची. प्रत्येक टिंबावर किती उंचीवर थांबायचं, किती वेळ थांबायचं, कॅमेरा कुठं बघणार, सगळं आधी भरून ठेवायचं. मग बटण दाबलं की ड्रोन आपला आपण टिंबाटिंबानं फिरतो आणि निघाला तिथं परत येतो.

"सांगितलेलं ऐकतो आणि परत येतो? नवऱ्यापेक्षा बरा हाय," मथुरी म्हणाली.

"आणि एक दिवस नाही, तीन दिवस," उत्कर्षा म्हणाली. "एका दिवसाचा फोटो दाखवला तर म्हणतील, जत्रा भरवली. तीन दिवस तीच टिंबं, तीच उंची. मग ती सवय दिसते."

पोरीला अक्कल होती. फक्त पंचांग नव्हतं. शनिवारी अवसेला तिनं सकाळी दहाला भिंगरी उडवली, कारण दहाला ऊन चांगलं असतं. ऊन चांगलं होतं. खाजण पाण्याखाली होतं.

"उद्याही दहालाच लावलंय," ती पडक्या आवाजात म्हणाली. "रोज दहा."

"खाडी काय तुझ्या बापाच्या कचेरीत कामाला हाय, रोज दहाला यायला?" मी म्हणाले. "बस इथं. उद्याचं राहू दे. सोमवारी तिथी कोणती?"

"बीज."

"दोनाची पाऊणपट?"

"दीड."

"दीड वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. किती वाजले?"

"साडेसात," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "रोज असंच? तिथीची पाऊणपट?"

"तीजेला सव्वादोन, चौथीला तीन. माझी दुसरीची परीक्षा बुडाली होती, पण होडी अजून बुडाली नाय."

त्या संध्याकाळी आम्ही टिंबं नव्यानं टाकली. नकाशा वरून काढलेला होता, पण तोही भरतीचाच. सगळं निळं. उत्कर्षाला खाजण कुठं सुरू होतं तेच कळेना. मी म्हटलं, "देऊळ दाखव. त्याचा कळस आणि पलीकडचा जोडताड एका रेषेत घे." तिनं बोटानं रेघ मारली. "आता बर्फाच्या कारखान्याची टाकी आणि डोंगराचं नाक." दुसरी रेघ. जिथं रेघा कापल्या तिथं मी बोट ठेवलं. "इथं. पहिलं टिंब."

"तुम्ही अशाच जागा शोधता?"

"समुद्रात पाट्या लावलेल्या नसतात गो."

अकरा टिंबं झाली. सातव्याला तिनं उंची तीस मीटर भरली तेव्हा मी तिचा हात धरला. तिथून विजेची तार खाडी ओलांडून जाते. नकाशात दिसत नव्हती. तिनं साठ केले. अकरावं टिंब सगळ्यात लांबचं. थोरल्या खाजणाचं टोक, जिथं ती सात नंबरची काठी रोवली होती. बाकीची दहा नसती तरी चाललं असतं. हे एक हवंच होतं.

सोमवारी आणि मंगळवारी पोलीस पाटलाला सांगून देवळाच्या पायरीवरून भिंगरी उडाली. दहा टिंबं लख्ख आली. खाजण उघडं पडलेलं, त्यावर वाकलेल्या बाया, हातात खुरपी, कमरेला पिशव्या. मथुरीची पाठ तर मी तिच्या नवऱ्याआधी ओळखली. पण दोन्ही दिवस दहाव्यावरून भिंगरी माघारी फिरली. लांब जाऊन परत यायला बॅटरी पुरेना.

"बुधवारी होडीतून उडव," मी म्हणाले. "खाजणाजवळ होडी लावू. तिथून अकरावं टिंब हाकेवर."

"आई, होडीवरून नको."

"कनाला?"

"ड्रोन उडतो ती जागा तो लक्षात ठेवतो. परत तिथंच उतरतो. होडी हलली तर?"

"होडी नांगरून ठेवणार हाय."

"तरीपण. आपण खाजणावर फळी टाकू आणि फळीवरून—"

"आणि फळी चिखलात रुतली की फळी शोधत बसू? चाळीस वर्षं मी होडी नांगरतेय. एकदाही मला सोडून माहेरी गेली नाय ती. नांगरलेली होडी कुठं जाते?"

उत्कर्षानं मथुरीकडे पाहिलं. मथुरी म्हणाली, "नांगरलेली होडी जागेवरच असते, पोरी." संपलं. आमच्या घरात वाद माझ्या बाजूनंच संपायचे.

बुधवारी आठला आम्ही तिघी होडीत बसलो. मी सुकाणूला, मथुरी वल्ह्याला, उत्कर्षा मधल्या फळीवर भिंगरी मांडीत घेऊन, बाळंतीण बसते तशी. मथुरीनं भिंगरीला कुंकू लावलं. उत्कर्षा म्हणाली, "काचेला नको, मावशी," तेव्हा मागच्या बाजूला लावलं.

नेहमीच्या जागी नांगर टाकला. ओहोटीच्या ओढीनं होडी सागराच्या बाजूला गेली, दोर ताणला, ती थांबली. आमच्या बाया त्याच जागी रिकाम्या शिंपल्या टाकतात. शिवल्या निवडताना फुटक्या निघतात, पोकळ निघतात. त्या घरी न्यायच्या नाहीत, कुठंही भिरकवायच्या नाहीत, तिथंच पाण्यात सोडायच्या. सासूनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "खाजणाचं खाजणाला दे." मी विचारलं होतं कशाला. तिनं उत्तर दिलं नव्हतं. सासवांची ती पद्धतच.

पावणेनऊला भिंगरी फळीवरून उठली. उत्कर्षा फोनवर बघून बोलत होती, "चौथं... पाचवं... सातवं, तारेच्या वर आहे." खाजणावरच्या बाया मान वर करत होत्या, मी ओरडले, "वर बघू नका! नवरदेवाकडं पाठवायचेत काय फोटो? कामं करा!"

"अकरावं," उत्कर्षा म्हणाली. "आई, काठी दिसतेय. काठीच्या शेजारी मालू बसलीय शिवल्या काढत. स्पष्ट."

मी गावाकडे बघून पदर खांद्यावर सारखा केला. सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी वाटलं की सुनावणी झाल्यातच जमा.

"परत निघालं," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या पायाखाली दोर ढिला पडला.

नऊ वाजले होते. सुकती संपली होती. पाणी एक क्षण मेल्यासारखं थांबतं, मग उलटं चालू लागतं. भरती लागली की नांगरावरची होडी तोंड फिरवते, नांगराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण आमच्या बोलण्यात त्याला हलणं म्हणत नाहीत. नांगर जागेवर आहे ना, मग होडी जागेवर आहे. होडी गरकन फिरली आणि भरतीनं आम्हाला गावाच्या बाजूला, पहिल्या जागेपासून साठ हातांवर नेऊन ठेवलं.

"आई," उत्कर्षा म्हणाली, "तो आपल्याकडं येत नाहीये."

भिंगरी आली. आम्ही होतो तिथं आली, आम्ही आहोत तिथं नाही. मोकळ्या पाण्यावर थांबली आणि खाली उतरायला लागली.

"वळव की इकडं!"

"वळवतेय! वारा समोरून आहे, बॅटरी संपत आलीय, पुढं सरकतच नाही." तिचे दोन्ही अंगठे पांढरे पडले होते. "वर दाबून धरलाय. थोडा वेळ धरेल. मग पाण्यात."

अकरावं टिंब त्याच्या पोटात होतं. तिची रोजीरोटी त्याच्या पोटात होती. आणि ती मला म्हणाली होती, होडीवरून नको.

मी होडीतली शिवल्यांची रुंद पाटी उचलली आणि पाण्यात उतरले.

"अगो चांगुणा!" मथुरी किंचाळली. "सत्तरीला टेकलीस! कुठं निघालीस?"

"तुझ्या नवऱ्याकडं!" मी म्हणाले आणि चालायला लागले.

आधी कमरेभर पाणी, खाली चिखल, पाऊल ओढून काढावं लागत होतं. पाच-पन्नास पावलं गेल्यावर पायाखाली कर्र वाजलं. चिखल संपला. तळ टणक लागला. पाणी मांडीपर्यंत खाली आलं. मी त्या जागेवर शिंपल्या टाकण्यात अर्धा जन्म घालवला, पण तिथं उभी कधी राहिले नव्हते. होडी असताना पाण्यात कोण उतरतं?

भिंगरी डोक्यावर आली. तिचा वारा केसांत शिरला. मी पाटी दोन्ही हातांनी वर धरली आणि हात जरासुद्धा हलू दिले नाहीत. ती वरखाली झाली, जरा बाजूला गेली, जणू पाटीचा वास घेत होती. उडालेल्या पदराचा काठ तिच्या पंखात गेला आणि फाटला. मग ती पाटीत बसली. दोन-चार शिवल्या टणाटण उडाल्या आणि आवाज बंद झाला.

मी तशीच उभी. मथुरी होडी आणून लावेपर्यंत पाटी खाली घेतली नाही.

उत्कर्षानं भिंगरी पुसली, उलटीसुलटी करून पाहिली, छातीशी धरली. मी वाट बघत होते. ती म्हणणार, मी सांगितलं होतं. ती काही म्हणाली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

घरी तिनं फोनवर मला दाखवलं. परत येताना कॅमेरा सरळ खाली बघत होता आणि चालूच होता. आधी नुसतं पाणी. मग पाण्यात एक ठिपका. मग पाटी. पाटीखाली एक बाई, तोंड वर केलेली, ओठ दाबलेले.

"हे कुणाला दाखवायचं नाय," मी म्हणाले.

"का?"

"मी सांगते म्हणून. फायलीत अकरा टिंबं घाल. हे पाटीचं सोंग नको. गावात तोंड काढायचंय मला."

तिनं फायलीत घातलं नाही.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळा कोळीवाडा होता. समोर अधिकारी बाई, चष्मा कपाळावर. बाजूला कंपनीचा इंजिनिअर, कडक इस्त्रीचा, माझ्या मुलाच्या वयाचा. उत्कर्षानं भिंतीवर फोटो लावले. तीन दिवस, तीच टिंबं, बाया वाकलेल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली. मी मान ताठ करून बसले होते.

इंजिनिअर उभा राहिला. "मॅडम, फोटो छान आहेत. पण ही उड्डाणं आधी आखलेली आहेत. कुठल्या जागेवर, किती वाजता, कॅमेरा कुठं बघणार, सगळं आधीच ठरलेलं. मग बायकांना तिथं बसवणं अवघड नाही. तीन दिवस बसवल्या असतील. जी गोष्ट इतकी ठरवून दाखवली जाते, तिला पुरावा कसं म्हणायचं?"

मथुरी उठून त्याच्या अंगावर जाणार होती. तिला दोघींनी धरलं.

अधिकारी बाईंनी उत्कर्षाला विचारलं, "न ठरवता काढलेलं काही आहे?"

उत्कर्षा माझ्याकडे बघायला लागली. तिच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये पाटी होती. मी नको म्हटलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. तेवढं मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"हाय," मी म्हणाले. "लाव गो."

भिंतीवर पाणी आलं. मग ठिपका. मग पाटी, मग मी, भिंतीएवढी. कोणी तरी फिस्सकन हसलं. इंजिनिअर पुढं झाला. "ही जागा कुठली?"

"कोपऱ्यात लिहिलेली आहे," उत्कर्षा म्हणाली. "तुमच्या सात नंबरच्या काठीपासून शंभर पावलांवर. तुमच्या अहवालात दलदल आहे तिथंच."

"मॅडम, ही बाई पोहत असेल."

अधिकारी बाईंनी चष्मा खाली ओढला. "दोन्ही हात वर आहेत त्यांचे. तुम्ही असं पोहून दाखवाल का?" मग माझ्याकडे वळून, "आजी, हेही ठरवूनच केलं ना?"

हो म्हटलं असतं तर माझं तोंड राहिलं असतं. सगळा हॉल म्हणाला असता, चांगुणाबायनं काय डोकं चालवलं. आणि खाजण गेलं असतं.

"नाय," मी म्हणाले. "चूक झाली."

"कुणाची?"

इंजिनिअर उत्कर्षाकडे बघत होता. मथुरी उत्कर्षाकडे बघत होती. माझा अख्खा कोळीवाडा माझ्या सुनेकडे बघत होता, कारण मशीन तिचं, ती बाहेरची, आणि चूक दुसऱ्या कुणाची असणार? उत्कर्षानं मान खाली घातली. ती ते घ्यायलाही तयार होती.

"माझी," मी म्हणाले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"सून म्हणाली होती, होडीवरून नको. मी ऐकलं नाय. भरतीला नांगरावरची होडी फिरते, हे पाळण्यातल्या पोराला कळतं, मला कळलं नाय. तिचं यंत्र पाण्यात जात होतं. मी धरलं. ठरवलं असतं तर चांगलं लुगडं नेसून गेले असते."

अधिकारी बाई हसल्या नाहीत. "आणि रुतला नाहीत कशा?"

"आमच्या सासवांनी तिथं शिंपल्या टाकल्यात. त्यांच्या सासवांनी टाकल्यात. आम्ही टाकतो. मी त्यावर उभी होते."

"दाखवाल मला?"

"दाखवीन. पण घड्याळ बघून येऊ नका. तिथी बघून या."

त्या आल्या, पुढच्या पंधरवड्यात, बिजेला, सकाळी साडेसातला. होडीतून उतरून, चपला हातात घेऊन, त्या जागेवर उभ्या राहिल्या. पायाखाली कर्र वाजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. गाळाची जागा बदलली.

सुनावणीहून घरी येताना उत्कर्षा माझ्या मागून चालत होती. देवळापाशी येऊन म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं ना, होडीवरून नको?"

"सांगितलं होतंस."

"मग बरं."

एवढंच बोलली. मला बरं वाटलं. तोपर्यंत ती माझ्याशी कधी भांडलीच नव्हती.

त्याला आठ वर्षं झाली. दर हंगामाला ती खाजणाचे फोटो घेते, तीच अकरा टिंबं. मशीन बदललं, फोन बदलला, शिंपल्या मात्र बाया अजून तिथंच टाकतात. भिंगरी उडते आणि उतरते ती आता होडीवरून नाही. शिंपल्यांवर एक चौरंग उभा करतात, त्यावरून. परवा ती नव्या फोनवर टिंबं टाकत बसली होती. म्हणाली, "आई, चौरंग किती उंच हवा? पाणी मांडीपर्यंत धरू ना?"

"मांडीपर्यंत तेव्हा होतं," मी म्हणाले. "आता गुडघ्यापर्यंत धर."